हॉब्जसाहेबांची सत्तेचाळीस मतं

शुक्रवारी दुपारी चार वाजता ट्रेव्हर हॉब्जनं उल्हास चौबळला केबिनमध्ये बोलावून दार लावून घेतलं, तेव्हा उल्हासला वाटलं, झाली एकदाची सही. गेले तीन आठवडे तो या सहीची वाट पाहत होता. त्याचं वर्क परमिट संपायला बावीस दिवस उरले होते. मुदतवाढीचा फॉर्म कंपनीनं भरायचा, कंपनीनं सही करायची आणि कंपनीनंच पाठवायचा असतो. उल्हासनं तो स्वतः भरून, सहीच्या जागी पेन्सिलीनं फुली मारून साहेबांच्या टेबलावर ठेवला होता. मग फॉर्मवर टायरचा कॅटलॉग आला, कॅटलॉगवर चहाचा मग आला, आणि फॉर्म तिथेच राहिला.

हाउन्सलोची हॉब्ज फ्रेट म्हणजे चौदा माणसांची कंपनी. विमानतळावरून माल उचलायचा आणि पोचवायचा. कुठलं खोकं कुठे आहे हे सांगणारं सॉफ्टवेअर उल्हास सांभाळायचा, आणि सॉफ्टवेअरनं सांगितलं तिथे खोकं नसलं की शोधायलाही तोच जायचा. पुण्याहून विलायतेत येऊन त्याला चार वर्षं झाली होती. नीनाला लायब्ररीत नुकतीच पक्की नोकरी मिळाली होती. सहा वर्षांची स्वराली इथल्या शाळेत इतकी रुळली होती, की मराठी बोलताना तो, ती, ते यांची खुशाल सरमिसळ करायची. परत जायला उल्हासची तशी ना नव्हती. पण असं बावीस दिवसांत, एका चहाच्या मगाखाली सापडून परत जायचं, याचा त्याला मनापासून संताप येत होता. संताप करायलाही अंगात जोर लागतो, म्हणून तो गप्प होता.

"बस," ट्रेव्हर म्हणाला. "तुझी माणसं किती आहेत?"

"कुठली माणसं?"

"तुमचा तो क्लब रे. दिवाळीला हॉल घेता. तू मला ते कडक, गोल वेटोळं आणून दिलं होतंस. माझा दात हलला होता."

"महाराष्ट्र मंडळ. आणि ती चकली होती. फॉर्मचं काय झालं, ट्रेव्हर?"

"तेच सांगतोय," ट्रेव्हर म्हणाला, आणि फॉर्मचं अवाक्षरही न काढता पंधरा मिनिटं बोलला.

ट्रेव्हर छप्पन्न वर्षांचा होता, त्याच्या कमरेचे दोन मणके सरकलेले होते, आणि अकरा वर्षं तो स्टॉक कारच्या शर्यतीत उतरत होता. स्टॉक कारची शर्यत म्हणजे जुन्या गाडीच्या काचा काढायच्या, चारी बाजूंनी लोखंडी गज ठोकायचे आणि गोल मैदानात पुढच्याला ढुसण्या देत सुटायचं. इल्फर्डच्याही पलीकडे ब्रॅम्बल लेन नावाचं स्टेडियम आहे, तिथे वर्षातून एकदा ऑल-स्टार ट्रॉफी व्हायची. तिच्यात गाड्या फक्त वीस. वर्षभरात एखादी शर्यत जिंकलेल्या सतरा जणांना थेट प्रवेश. उरलेल्या तीन जागांसाठी बाकी सगळ्यांनी दुपारी पात्रता शर्यत पळायची. पंधरा फेऱ्या, मधे एकदा थांबून एक चाक बदलायचं, तेही आपल्याच माणसांकडून. पहिले दोन आत.

"आणि तिसरा?" उल्हासनं विचारलं. विचारलं नसतं तरी ट्रेव्हर सांगणारच होता.

"तिसरा पब्लिक ठरवते! प्रत्येकाच्या प्रोग्रॅमच्या पुस्तिकेत एक चिठ्ठी असते. तिच्यावर नाव लिहायचं, डब्यात टाकायची. उरलेल्यांत ज्याला जास्त चिठ्ठ्या, तो आत. गेल्या वर्षी गॅरी एकतीस मतांवर गेला. एकतीस! सगळे त्याचे मावसभाऊ. उल्हास, मला अकरा वर्षांत एकदाही आत जाता आलेलं नाही. माणसं न्यायला कोच माझा, तिकिटं माझी. तू माणसं आण."

"आणि फॉर्म?"

"सोमवारी. सोमवारी मी खुशीत असलो की सगळं होऊन जाईल."

खुशीत नसला तर काय, हे त्यानं सांगितलं नाही. उल्हासनंही विचारलं नाही.

घरी नीना म्हणाली, "त्याला सांग, आधी सही कर, मग मतं देतो."

"तू सांग."

"मी कशाला सांगू? साहेब तुझा आहे. काय माणूस आहे! चौघांची कामं एकट्याकडून करून घेतो आणि एका सहीसाठी नाचवतो. मी तर त्याला कुठल्या पंचायतीतसुद्धा मत देणार नाही."

"नीना, रविवारी देशील ना पण?"

"बघते," असं म्हणून तिनं कुकर लावला.

मंडळाच्या अध्यक्ष सुमनताई तीस वर्षं ईलिंगमध्ये होत्या. कौन्सिलातून निवृत्त झाल्यापासून त्यांनी मंडळाकडे कौन्सिलसारखंच लक्ष घातलं होतं. उल्हासनं फोनवर त्यांना सगळं सांगितलं. शर्यत, साहेब, चिठ्ठ्या. सुमनताईंनी सगळं ऐकून एकच प्रश्न विचारला, "जेवणाचं काय रे?" जेवण आपलं आपण न्यायचं ठरलं. कोच फुकट आहे हे कळल्यावर दीड तासात सत्तेचाळीस नावं झाली, आणि उल्हासला शनिवारी दिवसभर फोनवर गाड्या किती आवाज करतात आणि तिथे टॉयलेटची सोय कशी आहे, एवढंच सांगावं लागलं.

रविवारी सकाळी कोच निघाला. इल्फर्ड जवळ आल्यावर उल्हास मधल्या वाटेत उभा राहिला. रात्री धड झोप नव्हती, पण हे काम नीट व्हायलाच हवं होतं.

"मंडळी, तिथे प्रत्येकाला एक चिठ्ठी मिळणार आहे. तर आपण सगळ्यांनी त्या चिठ्ठीवर..."

"थांबा!"

तिसऱ्या रांगेतून बबनकाका उठले. बबनकाका नागपूरचे निवृत्त मुख्याध्यापक. मुलगा प्रज्ञेश इथे बँकेत होता, त्याच्याकडे ते सहा महिन्यांसाठी आले होते. तीस वर्षं त्यांनी निवडणुकीच्या ड्यूट्या केल्या होत्या, आणि मतपेटीच्या बाबतीत ते कुणाचं ऐकत नसत.

"उल्हासराव, मत कुणाला द्यायचं ते तुम्ही सांगून राहिले काय?"

"काका, हे तसलं मतदान नाही हो. गंमत आहे."

"मतदान गंमत नसते. या देशात असो की आपल्या देशात, एका माणसाला एक मत असते, अन् ते त्याचं त्यानं ठरवायचं असते. ह्या मतासाठी आमच्या लोकांनी काय काय सोसलं, तुम्हाला सांगायला पाहिजे काय? तुम्ही मत मागू शकता. पण प्रचाराची मुदत काल संध्याकाळी संपली, असं मी धरतो."

कोचमध्ये कोणीतरी टाळ्या वाजवल्या. काका बोलत होते त्यात चूक काहीच नव्हती, हीच तर पंचाईत होती. उल्हासनं नीनाकडे पाहिलं. नीना खिडकीबाहेर पाहत होती.

"बरं, साहेबांची गाडी कुठली ते तरी सांगशील की नाही?" सुमनताईंनी विचारलं.

"उमेदवाराची ओळख चालेल," काकांनी परवानगी दिली.

"लाल. चौतीस नंबर," उल्हास म्हणाला आणि बसला.

"आणि काय रे," सुमनताई पुढे वाकून म्हणाल्या, "म्हणजे पहिला, दुसरा नंबर निघाला, की उरलेल्यातल्या एकाला आपण द्यायचं. असंच ना?"

"हो, असंच," उल्हास म्हणाला. त्यानं डोळे मिटून घेतले होते.

"मग कळलं," सुमनताई म्हणाल्या. त्यांचा चेहरा अगदी स्वच्छ झाला. त्या चेहऱ्याकडे उल्हासनं डोळे उघडून एकदा पाहिलं असतं, तर पुढचं बरंच टळलं असतं.

स्टेडियमवर पोचल्याबरोबर ट्रेव्हर धावत आला. सत्तेचाळीस माणसं रांगेनं उतरताना पाहून त्याचे डोळे भरून आले. त्यानं सगळ्यांना हात जोडून नमस्कार केला, तो त्याला कोणी शिकवला होता देव जाणे. मग त्यानं उल्हासला दंडाला धरून बाजूला घेतलं.

"माझी चाकं बदलणारा डेव्ह आला नाही. पोट बिघडलंय म्हणे. चाक तू बदलायचंस."

"मी? मी कधी सायकलचंसुद्धा चाक बदललेलं नाही, ट्रेव्हर."

"चार नट काढायचे, चाक काढायचं, दुसरं लावायचं, चार नट लावायचे. जॅक माझा मोठा मुलगा मारेल. तू इंजिनिअर आहेस ना?"

उल्हास सॉफ्टवेअरवाला आहे हे ट्रेव्हरला चार वर्षं माहीत होतं. सोमवारची सही डोळ्यांपुढे आणून उल्हासनं अंगात तेलकट ओव्हरॉल चढवला. पुस्तिकेतली चिठ्ठी त्यानं आठवणीनं खिशात ठेवली.

मंडळाची माणसं तोवर पायऱ्यांवर चादरी टाकून बसली होती. त्यांच्या शेजारी डोरीन नावाच्या एक इंग्रज बाई एकट्याच विणकाम करत होत्या. सुमनताईंनी त्यांना कानात घालायला कापूस दिला, मग कोथिंबीरवडी दिली, मग आणखी दोन दिल्या. डोरीनबाईंनी सांगितलं, की त्यांचे यजमान नॉर्मन टिबल, वय चौसष्ट, निवृत्त पोस्टमन, यांचा हा पहिलाच सीझन. ती जांभळट गाडी त्यांची. बेडरूम रंगवून उरलेला रंग होता, तो गाडीला लावला. छप्पर मात्र पांढरं, कारण इथे नवख्यांचं छप्पर पांढरंच ठेवावं लागतं. आत्तापर्यंत अकरा शर्यती झाल्या, अकराही वेळा शेवटचे.

"अगंबाई! अकराही?" सुमनताई म्हणाल्या, आणि त्यांनी अख्खा डबाच डोरीनबाईंच्या पुढे सरकवला.

पात्रता शर्यत सुरू झाली. ट्रेव्हर चांगलाच सुटला. सातव्या फेरीला तो दुसरा होता. मंडळ ओरडत होतं, बबनकाका आचारसंहिता म्हणून गप्प बसले होते. आठव्या फेरीला ट्रेव्हर चाक बदलायला आत आला.

उल्हासनं पहिला नट काढला. तो चिखलात ठेवायला त्याचं मन होईना. त्यानं खिशातून इस्त्रीचा रुमाल काढला, जमिनीवर पसरला आणि चारही नट त्यावर ओळीनं मांडले. चाक काढलं, दुसरं लावलं. तेवढ्यात शेजारून एक गाडी धूळ उडवत गेली, म्हणून त्यानं रुमालाची घडी घातली. घडी उघडून एक नट लावला, दुसरा लावला, तिसरा लावला, आणि सवयीनं रुमाल खिशात टाकला.

"चौथा! चौथा कुठाय?" ट्रेव्हर आतून किंचाळला.

"इथेच होता!" उल्हास म्हणाला आणि गाडीखाली शिरला. जॅक मारणारा मुलगाही शिरला. दोघं पोटावर पडून नट शोधत होते, आणि ट्रेव्हर त्यांच्या डोक्यावर बसून एका शब्दाचे वेगवेगळे उपयोग करून दाखवत होता. पंचवीस सेकंदांनी उल्हासनं घाम पुसायला रुमाल काढला, तेव्हा नट टणकन खाली पडला.

ट्रेव्हर चौथा आला. पहिले दोन आत गेले.

नॉर्मन टिबल यांचा तोवर वेगळाच कार्यक्रम चालू होता. दुसऱ्याच वळणावर कोणीतरी त्यांना ढुसणी दिली आणि गाडी गोल फिरून तोंड उलट्या बाजूला झालं. समोरून चौदा गाड्या येताहेत हे पाहून त्यांनी शांतपणे गाडी कडेला घेतली, सगळ्यांना जाऊ दिलं, हात दाखवून वळवली आणि पुन्हा निघाले. चाक बदलताना ते स्वतः खाली उतरून मदतनिसाला थँक्यू म्हणाले. तीन फेऱ्या मागे राहिले, पण प्रत्येक फेरीला पायऱ्यांजवळून जाताना डोरीनबाईंना हात करत होते.

"बाबाचा साहेबचा गाडी हरली," स्वराली म्हणाली. "पण ते पर्पल आजोबा किती क्यूट आहे!"

लाउडस्पीकरवरून घोषणा झाली: मतदानाला वीस मिनिटं. सुमनताई उठून उभ्या राहिल्या.

"ऐका सगळ्यांनी. पहिला आणि दुसरा नंबर निघालेला आहे. आता हे जे आपण द्यायचं आहे, ते उत्तेजनार्थ आहे. मी उल्हासला विचारून घेतलंय, तो हो म्हणाला. तेव्हा विचार करून द्या."

आता मंडळातल्या माणसाला यापुढे काही सांगावं लागत नाही. गणपतीतली फॅन्सी ड्रेस स्पर्धा असो, पाककृती असो की वक्तृत्व, पहिला दुसरा झाला की उत्तेजनार्थ असतंच, आणि ते कुणाला द्यायचं हेही ठरलेलं असतं. कोबी होऊन स्टेजवर आलेलं आणि भोकाड पसरलेलं पोर असतं, त्याला. चांगलं करून थोडक्यात हुकलेल्याला उत्तेजनार्थ दिलं, तर त्याचे आईबाप मंडळ सोडतात.

"पण सुमनताई, उल्हासचे साहेब?" रश्मी कर्णिकनं विचारलं. ती मंडळात नवी होती.

"अगं, ते कंपनीचे मालक! चौथे आले, किती छान चालवली! त्यांना उत्तेजनार्थ द्यायचं? त्यांना काय वाटेल? लहान मुलासारखं? उल्हासला उद्या ऑफिसात तोंड दाखवायचंय ना?"

हे सगळ्यांना पटलं. उल्हासच्या भल्यासाठी साहेबांना मत द्यायचं नाही, असं एकमतानं ठरलं.

बबनकाका म्हणाले, "मी कुणाला काही सांगणार नाही. चिठ्ठी हातानं झाकून लिहा." लहान मुलांनीही मत द्यायचं, यावर त्यांचा आक्षेप होता. पण तिकीट तिथे मत, हा इथला कायदा आहे म्हटल्यावर त्यांनी तो मागे घेतला. मग त्यांनी डब्यापुढे मंडळाची रांग लावली, आणि मत टाकून येणाऱ्या प्रत्येकाच्या बोटावर बॉलपेननं रेघ मारली. मागे उभ्या असलेल्या चार इंग्रजांनीही निमूटपणे बोटं पुढे केली.

उल्हास हे सगळं पाहायला तिथे नव्हता. ट्रेव्हरनं त्याला पिटमध्येच, म्हणजे गाड्यांची चाकं बदलायच्या जागी, ठेवून घेतलं होतं. ट्रेव्हर रागावलेला नव्हता, हेच उल्हासला जास्त लागत होतं.

"जाऊ दे रे," ट्रेव्हर त्याच्या पाठीवर थाप मारत म्हणाला. "मतदान आहे ना. सत्तेचाळीस तुझी. माझी मॉरीन, दोन मुलं आणि आपले गोडाउनचे तेरा जण. साठच्या वर गेलो मी! फायनलसाठी टायर काढ."

उल्हासनं टायर काढले, धुतले, ओळीनं लावले. कंबर मोडली. आपणही मत द्यायचंय, हे त्याला आठवलं तेव्हा डबा उचलून नेला होता आणि चिठ्ठी रुमालाबरोबर तेलानं माखली होती. एका मतानं काय होतंय, असं त्यानं मनाला सांगितलं.

मॉरीन आणि गोडाउनची माणसं पिटमध्ये येऊन उभी राहिली. मंडळाची आघाडीही आली. सुमनताई, बबनकाका, नीना, स्वराली. लाउडस्पीकर खरखरला.

"ऑल-स्टारची विसावी जागा! शेहेचाळीस मतं..."

"आलो!" ट्रेव्हर ओरडला आणि त्यानं हेल्मेट चढवलं.

"...नॉर्मन टिबल!"

पायऱ्यांवरून मंडळाचा असा जल्लोष झाला की मैदानावरची कबुतरं उडाली. निवेदकाला यादी वाचायची हौस होती. "डीन मॉस, एकोणीस. केव्हिन प्राइस, अकरा. लेन वेब, सहा..." असं करत तो शेवटी आला. "आणि ट्रेव्हर हॉब्ज, एक."

लोक हसले. मोठ्यानं नाही हसले, पण हसले.

ट्रेव्हरनं हेल्मेट काढलं. उल्हासला वाटलं, आता हा ओरडेल, आणि ओरडला तर बरं होईल. बावीस दिवसांचे आता वीस झाले होते. नीनाची लायब्ररी, स्वरालीची शाळा, हाउन्सलोचा फ्लॅट, सगळं त्याला त्या एका आकड्यात बुडालेलं दिसलं.

"सुमनताई," तो रडकुंडीला येऊन कुजबुजला, "हे काय केलंत?"

"अरे, तुझ्या साहेबांची शान राखली!"

"सत्तेचाळीस माणसं!" ट्रेव्हर आता खरंच ओरडला. "कोचनं आणली मी! उल्हास, सत्तेचाळीस..."

बबनकाका शांतपणे पुढे झाले. त्यांनी आपल्या मुख्याध्यापकी इंग्रजीत सांगितलं, की मतदान गुप्त आणि शांततेत पार पडलं आहे, कोणी कोणाला मत दिलं हे विचारायचा अधिकार पराभूत उमेदवाराला नसतो, आणि निवडणूक लढवल्याबद्दल आपण त्यांचं अभिनंदन करतो. असं म्हणून त्यांनी ट्रेव्हरचा हात हातात घेऊन हलवला. ट्रेव्हर त्या हाताकडे पाहत राहिला. आणि मग त्याच्या डोक्यात काहीतरी शिरलं.

"एक," तो सावकाश म्हणाला. "ते त्यांचं जाऊ दे. ते मला ओळखत नाहीत. पण तुम्ही?"

तो आपल्या माणसांकडे वळला. गोडाउनचे तेरा जण चिप्स खायला लागले. मुलं बुटांकडे पाहू लागली.

"सोळा जण तुम्ही. मॉरीन?"

"डॉक्टरांनी तुला कमरेबद्दल काय सांगितलंय, ट्रेव्हर?" मॉरीन म्हणाली.

"मॉरीन, अकरा वर्षं...?"

"अकरा वर्षं," मॉरीन म्हणाली.

गोडाउनचा फोरमन खाकरला. "तू आत गेला असतास तर आम्हाला नऊ वाजेपर्यंत थांबावं लागलं असतं, मेट. उद्या सोमवार आहे."

पलीकडे नॉर्मन टिबल फायनलच्या रांगेत गाडी लावत होते आणि वाटेत येणाऱ्या प्रत्येकाला सॉरी म्हणत होते. एवढा आडदांड माणूस, पण ट्रेव्हरचा खालचा ओठ थरथरायला लागला. उल्हासला त्याची दया आली, आणि आपल्याला याची दया यावी याचा रागही आला.

"मग ते एक मत कोणाचं?" ट्रेव्हरनं विचारलं.

मॉरीन हुशार बाई होती. तिनं सगळ्यांकडे एकदा नजर फिरवली आणि म्हणाली, "उल्हासचं. दुसरं कोणाचं असणार?"

ट्रेव्हर वळला. "उल्हास?"

उल्हासनं तोंड उघडलं. त्याला खोटं बोलता यायचं नाही. पुण्यात असतानाही त्यामुळे त्याची दोन प्रमोशनं गेली होती. "ट्रेव्हर, खरं सांगायचं तर मी..." एवढ्यात नीनाचा बूट त्याच्या पायावर पडला आणि तिथेच राहिला. तो "आई गं!" एवढंच म्हणाला.

ट्रेव्हरला तो हुंदका वाटला. त्यानं उल्हासला तेलकट ओव्हरॉलसकट मिठीत घेतलं.

"अख्ख्या स्टेडियममध्ये एक माणूस," तो उल्हासच्या खांद्यावर म्हणाला. "एकच."

सोमवारी सकाळी नऊच्या ठोक्याला फॉर्म मगाखालून निघाला. ट्रेव्हरनं सही केली, शिक्का मारला, आणि न सांगता सोबत स्वतःच्या हातानं पत्र लिहिलं, की या माणसासारखा भरवशाचा माणूस मला माझ्या घरातही मिळालेला नाही, तरी याला पाच वर्षं द्यावीत, जास्त देता आली तर जास्त. पाकीट त्यानं स्वतः पोस्टात टाकलं. मग परत येऊन उल्हासच्या टेबलाच्या कोपऱ्यावर बसला.

संध्याकाळी उल्हास घरी आला आणि बूट न काढताच सोफ्यावर आडवा झाला.

"झाली सही?" नीना आतून धावत आली.

"झाली. पोस्टातसुद्धा पडलं."

"खरंच? अरे, मग तोंड असं का?" ती त्याच्या शेजारी बसली. तिचे डोळे पाणावले होते. "सुटलो रे आपण! किती दिवस नीट जेवण जात नव्हतं मला."

"डेव्हला काढलंय चाकांवरून. आता चाकं माझी. मार्च ते ऑक्टोबर, दर रविवारी सकाळी आठला. म्हणाला, ज्यानं मला एकट्यानं मत दिलं, त्याच्याशिवाय माझ्या गाडीला कोणी हात लावायचा नाही. पुढच्या वर्षी ऑल-स्टार नक्की म्हणतोय." उल्हासनं डोळे मिटले. "आणि नीना, मी मतच दिलं नव्हतं गं. चिठ्ठी खिशातच राहिली. मी गेला तासभर ट्यूब रेल्वेत हिशोब करतोय. सत्तेचाळीसातलं माझं एक गेलं, राहिली शेहेचाळीस. म्हणजे आपण सगळ्यांनी नॉर्मनलाच दिलं. मग ते एक कोणाचं?"

"आपली पंचेचाळीस," नीना म्हणाली. "डोरीननं आपल्या नवऱ्याला दिलं की. ते धर."

उल्हासनं डोळे उघडले.

"मी दिलं," नीना म्हणाली. "मॉरीन माझ्या पुढे होती रांगेत. तिनं माझ्यासमोर डीनचं नाव लिहिलं. तिच्या पोरांनी लिहिलं. तुमचं ते अख्खं गोडाउन हसत हसत लिहीत होतं. वाईट वाटलं रे. असेल नसेल तसा माणूस, पण घरचं एक मत नसावं? मी लिहिलं आणि हात झाकून टाकलं."

"आणि मला बोलली नाहीस?"

"गुप्त मतदान होतं ना."

उल्हास उठून बसला. रविवारनंतर प्रथमच त्याच्या अंगात जरा जीव आला. "मग उद्या सांगतो त्याला. खरं तेच सांगायचं. फॉर्म तर गेलाय आता, तो काही परत आणता येत नाही. सांगतो की ते मत माझं नव्हतं, माझ्या बायकोचं होतं."

"खबरदार!" नीना ताडकन उभी राहिली. "एक शब्द बोलशील तर बघ. मग दर रविवारी चाकं बदलायला तो मला नेईल."